कोर्टाचं समन्स आलंय आणि मालकाचा माणूस म्हणतो 'केस मागे घ्या' (कारखान्यातला अपघात, जळगाव)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

माझा चुलतभाऊ जळगावला एका चटईच्या कारखान्यात होता. ठेकेदारामार्फत, महिना १२ हजार. वय ३०. २०२४ च्या पोळ्याच्या आठवड्यात रात्रपाळीला भंगार दळायच्या ग्राइंडरमध्ये त्याचा उजवा हात गेला, मनगटापासून कापावा लागला. दवाखान्याचं बिल मालकाने भरलं, वर ८० हजार दिले आणि दवाखान्यातच स्टँप पेपरवर लिहून घेतलं की 'माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही'. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. पुढे कारखाना निरीक्षक येऊन जबाब घेऊन गेले. त्यानंतर सगळं शांत होतं.

आता कोर्टाचं समन्स आलंय, साक्षीदार म्हणून. मालकाचा मुनीम पारोळ्याला घरी येऊन गेला. म्हणाला, केस मागे घ्या, शेठ अजून ५० हजार देतील, नाहीतर भरपाई अडकेल आणि तुम्हालाच वकील लावावा लागेल. काकू घाबरून गेल्या आहेत. भाऊ एवढंच म्हणतो, "मन्हा हात गया, आते कोर्टमा जाईसन काय भेटी?"

केस मागे घेता येते का? घ्यावी का?

निवृत्त_शिरस्तेदार
बोरीकाठ, समन्सचा वरचा भाग नीट वाचा. फिर्यादी कोण लिहिलंय?

बोरीकाठ
'महाराष्ट्र शासन तर्फे कारखाना निरीक्षक' असं आहे. आरोपी म्हणून मालकाचं नाव, भोगवटादार म्हणून. मॅनेजरचंही.

निवृत्त_शिरस्तेदार
भोगवटादार म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तो. मग मुनीम तुम्हाला जे मागे घ्यायला सांगतोय ते तुमच्या हातात कधी नव्हतंच. ही केस तुमच्या भावाची नाही, सरकारची आहे. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम १०५ प्रमाणे अशी फिर्याद निरीक्षकच करतो, किंवा त्याच्या लेखी परवानगीने होते. कामगार परस्पर करू शकत नाही, आणि अर्थातच मागेही घेऊ शकत नाही. तुमचा भाऊ तिथे फक्त साक्षीदार. साक्षीदाराला वकील लावावा लागत नाही. समन्स टाळलं तर मात्र वॉरंट निघू शकतं. तेव्हा जायचं आणि जे घडलं ते सांगायचं.

माझी नोकरी फौजदारी कोर्टाच्या टेबलावर गेली. असे खटले दर महिन्याला दोनचार तरी यायचे. एक गोष्ट सांगतो, निरीक्षकाने वेळेत फिर्याद दाखल केली हेच मोठं आहे. कलम १०६ मध्ये मुदत फक्त तीन महिन्यांची, गुन्हा निरीक्षकाच्या कानावर आल्या दिवसापासून. तीन महिने टळले की कोर्ट दखलच घेऊ शकत नाही. फाईल एका टेबलावर पडून राहिली आणि मालक सुटला, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

गिरणाथडी
आणि शिक्षा काय होणार? ते पण सांगा नाना.

निवृत्त_शिरस्तेदार
कलम ९२. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुरक्षेच्या तरतुदी मोडल्याने माणूस मेला असेल तर दंड २५ हजारांपेक्षा कमी करता येत नाही. गंभीर दुखापत असेल तर ५ हजारांपेक्षा कमी नाही. मनगटापासून हात जाणं ही गंभीर दुखापतच.

गिरणाथडी
५ हजार!! आमच्याकडे चोपड्याला ढोर सोडलं म्हणून यापेक्षा जास्त भांडण होतं.

निवृत्त_शिरस्तेदार
तो किमान आकडा आहे, कोर्ट एक लाखापर्यंत जाऊ शकतं. पण खरं सांगायचं तर माझ्या समोर बहुतेक वेळा मालक पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच गुन्हा कबूल करायचे, दंड भरायचे, पावती घेऊन जेवायच्या वेळेच्या आत घरी. कैद झालेला एकही मी पाहिला नाही. आणि तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या भावाला नाही. दंडातून जखमीला भरपाई द्यायचा अधिकार कोर्टाला आहे (आधी सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९५), पण तो आपणहून वापरला जाईल याची वाट पाहू नका. सरकारी वकिलाला आधी भेटा आणि 'साहेब, दंडातून भरपाईचं बघा' म्हणून आठवण करून द्या.

भुसावळ_सेफ्टी
मी बारा वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो, आधी नाशिकला, मग वाळूजला. मला खरं तर यंत्राबद्दल विचारायचंय. ग्राइंडरच्या हॉपरला, म्हणजे माल टाकायच्या तोंडाला, झाकण होतं का? आणि झाकण उघडलं की मोटार बंद पडेल असा स्विच?

बोरीकाठ
भावाला विचारलं. झाकण होतं, पण भंगार पटापट टाकता यावं म्हणून काढून भिंतीला टेकवलेलं असायचं. स्विचला तार गुंडाळली होती, तो जॉइन झाला तेव्हापासून तशीच. जुन्या चटईची पट्टी ब्लेडला गुंडाळली की माल अडकतो, मग एक जण लाकडी दांड्याने ढोसतो. त्या रात्री दांडा सापडला नाही.

भुसावळ_सेफ्टी
'त्या रात्री दांडा सापडला नाही.' हे वाक्य जसंच्या तसं कोर्टात सांगायला लावा.

मंडळी, ही तार मी किती ठिकाणी पाहिली असेल. जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये, पाइपच्या कारखान्यात. यंत्र येतं तेव्हा स्विच चालू असतो. महिन्याभरात कुणीतरी म्हणतं, झाकण उघडलं की बंद पडतं, प्रॉडक्शन कमी होतं. फिटर येऊन तार गुंडाळतो, पाच मिनिटांचं काम. पुढे नवा आलेला माणूस तीच मशीनची मूळ रचना समजतो.

कायदा याबाबत फार कडक आहे. कलम २१ म्हणतं, धोकादायक फिरत्या भागाला भक्कम कुंपण हवं, आणि यंत्र चालू असेपर्यंत ते जागेवर हवं. कामगार सावध होता का, हा प्रश्न या कलमात येतच नाही. कलम २२ तर आणखी गमतीचं. चालू यंत्राची तपासणी किंवा वंगण घालायचं काम फक्त खास प्रशिक्षण दिलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने करायचं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, ते कपडे मालकाने पुरवायचे, आणि त्याचं नाव रजिस्टरला असलं पाहिजे. तुमच्या भावाचं नाव अशा रजिस्टरला होतं का, हे निरीक्षकाने नक्की पाहिलं असणार.

एमआयडीसीवाला
सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझं जळगावातच छोटं युनिट आहे, २२ माणसं. मालक म्हणजे राक्षस असं समजू नका. मी स्वतः गार्ड लावले, दुसऱ्या दिवशी कामगारांनीच काढले. पीसरेटवर, म्हणजे नगावर मजुरीने, काम असतं, त्यांनाही घाई असते. मग सही घेणार नाही तर काय करणार? अपघात झाला की नाव माझं, जामीन मी घ्यायचा, कोर्टाच्या पायऱ्या मी झिजवायच्या. आणि भोगवटादार म्हणून मॅनेजरला दाखवलं तर चालत नाही, डायरेक्टरच लागतो.

निवृत्त_शिरस्तेदार
डायरेक्टरच लागतो हे बरोबर. १९८७ च्या दुरुस्तीत, म्हणजे भोपाळनंतर, कलम २ मधली भोगवटादाराची व्याख्या बदलली. कंपनी असेल तर एखादा संचालकच. त्याविरुद्ध कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, १९९६ च्या जे. के. इंडस्ट्रीजच्या निकालात कोर्टाने दुरुस्ती उचलून धरली. त्याआधी कामगाराच्या मृत्यूबद्दल एखादा पगारी मॅनेजर पिंजऱ्यात उभा राहायचा आणि शेठ मुंबईला असायचे.

पण साहेब, तुमच्यासाठी कलम १०१ आहे की. गुन्हा दुसऱ्याने केला, माझ्या माहितीशिवाय केला आणि मी योग्य ती सगळी काळजी घेतली होती, हे तुम्ही सिद्ध केलं तर तुम्ही सुटता आणि तो दुसरा अडकतो. सिद्ध करायची जबाबदारी मात्र तुमची.

भुसावळ_सेफ्टी
@एमआयडीसीवाला, कामगार गार्ड काढतात हे खरंच आहे, खोटं कशाला बोलू. पण पीसरेट कोण ठरवतं? गार्ड काढल्यावर पहिल्या दिवशी सुपरवायझर काय म्हणाला? पन्नास रुपये दंड उशिराला आणि शून्य रुपये गार्डला, असा हिशेब असेल तर माणूस काय शिकेल ते उघड आहे.

एमआयडीसीवाला
पटलं थोडं. पण आमच्याकडे निरीक्षक येतो तो कागद बघतो, स्विच बघत नाही, हेही लिहा.

भुसावळ_सेफ्टी
लिहितो. खरं आहे.

शिरपूरची_ताई
पोळ्याचा आठवडा वाचून काटा आला. २०१९ ला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ ऑगस्टला सकाळी, वाघाडीला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या घराच्या तावदानाच्या काचा हलल्या. आवारातच कामगारांची कुटुंबं राहायची, म्हणून मेलेल्यांत बायका आणि लेकरंही होती. त्यानंतर पुढारी आले, मदत जाहीर झाली, फोटो झाले. कोर्टात कुठली तारीख कधी आहे हे विचारणारं गावात कुणी दिसत नव्हतं. २०२३ ला साक्री तालुक्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून बायका गेल्या, तेव्हाही तसंच.

बोरीकाठ भाऊ, तुमच्या भावाला कोर्टात एकटं पाठवू नका. एवढंच.

व्यवस्थापक
एका सदस्याने कारखान्याचं नाव लिहिलं होतं, ते काढलं आहे. खटला चालू आहे, नावं नकोत.

हिशेबनीस
उशिरा वाचला धागा. सगळे शिक्षेवर बोलताय, पण मुनीम ज्या गोष्टीला 'भरपाई' म्हणतो ती या खटल्यात नाहीच. ती वेगळ्या दारात आहे आणि ते दार बंद व्हायची तारीख जवळ आलीय. म्हणून पैशाचं मी लिहितो.

पहिला प्रश्न: पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत होते का? कार्ड नंबर आहे का? असेल तर मालकावर दावा चालत नाही, ईएसआयच्या मेडिकल बोर्डाकडून अपंगत्व ठरतं आणि दरमहा पैसे मिळतात.

बोरीकाठ
नाही. ठेकेदाराने ईएसआय, पीएफ काहीच केलं नव्हतं. पगार हातात, पाकिटात.

हिशेबनीस
मग कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३. अपघात २०२४ चा, म्हणून जुनाच कायदा लागू. ठेकेदाराचा माणूस असला तरी कलम १२ प्रमाणे मूळ मालकाकडून वसूल करता येतं, ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

हिशेब असा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. १२ हजारांचे ६० टक्के ७,२००. वय ३० चा गुणांक २०७.९८. गुणाकार १४,९७,४५६. परिशिष्टात एक हात मनगटापासून जाणं म्हणजे ६० टक्के क्षमता गेली असं धरलंय. म्हणजे ८,९८,४७४ रुपये. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज. महिन्याभरात दिले नाहीत आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा, आणि तो भावालाच मिळतो. दवाखान्याचा खर्चही मालकाचाच, म्हणजे बिल भरून त्याने उपकार केले नाहीत.

मुनीम ५० हजार घेऊन आला होता ना?

गिरणाथडी
🙏🙏

हिशेबनीस
अजून एक. ६० टक्के ही खालची पायरी समजा. सुप्रीम कोर्टाचा पन्नास वर्षांपूर्वीचा निकाल आहे, प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा क्षमता १०० टक्के गेली. व्याजही अपघाताच्या दिवसापासूनच. तुमचा भाऊ ग्राइंडर चालवायचा, भंगाराची पोती उचलायचा. एका हाताने पोतं उचलतं का कोणी? वकिलाने हे मांडलंच पाहिजे.

तो स्टँप पेपर: कलम १७ प्रमाणे हक्क सोडल्याचा करार रद्दबातल. मालकाशी ठरवून एकरकमी घ्यायचे असतील तर तो करार नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. दवाखान्याच्या खाटेवर घेतलेल्या अंगठ्याची नोंद कुठे झालीय?

आणि मुदत अपघातापासून दोन वर्षं. यंदाच्या पोळ्याच्या आधीच संपेल. सबळ कारण दाखवून उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

बोरीकाठ
डोकं गरगरतंय. वकिलाचा खर्च?

निवृत्त_शिरस्तेदार
शून्य. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे जा. विधी सेवेच्या १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील आहे. अपंग व्यक्तीलाही आहे. भाऊ दोन्हीत बसतो. आधार, अपंगत्वाचा दाखला, समन्सची प्रत, पगाराचं एखादं पाकीट असेल तर ते, सगळं घेऊन जा.

एमआयडीसीवाला
नवीन कायद्यात काय आहे हेही सांगून टाका कुणीतरी. आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर रोज उलटसुलट येतं.

भुसावळ_सेफ्टी
२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कलम १०३. नियम मोडल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातला निदान अर्धा भाग जखमीला किंवा वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. ५ हजारांवरून २ लाखांवर गेलाय आकडा, हे चांगलं. पण कारखाना कशाला म्हणायचं याची मर्यादाही वाढली, विजेवर चालणाऱ्याला आता २० कामगार लागतात. खान्देशात ८-१० माणसांची युनिटं किती आहेत ते तुम्हीच मोजा. तिथेही ग्राइंडर तोच असतो.

बोरीकाठच्या भावाला यातलं काही लागू नाही. गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती त्याहून जास्त देता येत नाही, राज्यघटनेचं कलम २०.

बोरीकाठ
(अडीच महिन्यांनी)

उशीर झाला, माफ करा. केळीची कापणी, त्यात कोर्ट.

विधी सेवावाल्यांनी एक ताई वकील दिल्या. भरपाईचा दावा दाखल झाला, मुदतीच्या आत. मुनीम अजून एकदा आला होता, या वेळी दीड लाख घेऊन. काकूंनीच त्याला चहा दिला आणि सांगितलं, आता कोर्टात बोला.

फौजदारी खटल्यात पहिल्या तारखेला मालक आलेच नाहीत, गैरहजेरी माफीचा अर्ज. आम्ही चार वाजेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो. दुसऱ्या तारखेला आले. नानांनी लिहिल्याप्रमाणे कबूल करतील असं वाटलं होतं, पण गुन्हा नाकबूल. ताई म्हणाल्या, आपला दावा दाखल झालाय ना, म्हणून. इथे कबूल केलं तर तिथे अडचण.

गेल्या आठवड्यात भावाची साक्ष झाली. झाकण, तार, दांडा, सगळं सांगितलं. मग मालकाच्या वकिलाने विचारलं, यंत्र चालू असताना हात घालू नये हे तुम्हाला माहीत होतं की नाही? मी मागे बसलो होतो, माझ्या पोटात गोळा आला. भाऊ म्हणाला, "हो, माहीत होतं. बंद केलं की सुपरवायझर पन्नास रुपये कापायचा." वकील म्हणाले, याला पुरावा काय? भावाने डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून पगाराचं जुनं पाकीट काढलं. त्यावर पेनने लिहिलेलं होतं, 'बंद २ वेळा – १००'. जज मॅडमनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, लिहून घेतलं. ते पाकीट त्याच्याकडे आहे हे मलाही माहीत नव्हतं. काकू त्यात सुया ठेवायच्या.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात, निरीक्षकांचा उलटतपास.

भुसावळ_सेफ्टी
पन्नास रुपये मी सहज आकडा म्हणून लिहिला होता हो. 😶

शिरपूरची_ताई
काकूंना नमस्कार सांगा.

बोरीकाठ
सांगतो ताई. एक छोटी अडचण आहे. दाव्यासाठी बँकेचं खातं दिलंय, पण खात्यावरची सही उजव्या हाताची. आता तो डाव्या हाताने सही करतो, गिरवून गिरवून शिकलाय, पण बँकेत 'सही जुळत नाही' म्हणून पैसे काढू देत नाहीत. अंगठा द्या म्हणतात. तो म्हणतो, मी दहावी पास आहे, अंगठा देणार नाही.

हिशेबनीस
द्यायचाही नाही. शाखेत जाऊन सहीचा नवा नमुना द्यायचा अर्ज मागा. आधार, अपंगत्वाचा दाखला आणि फोटो जोडा, मॅनेजरसमोर डाव्या हाताने सही करा. खातं तेच राहतं, फक्त नमुना बदलतो. काउंटरवर नाही म्हणाले तर लेखी नकार मागा, बहुतेक वेळा त्यावरच काम होतं.

बोरीकाठ
सोमवारी जातो.